शेंदराखालचं लोखंड

आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. परवा ते वेल्डिंगचं मशीन विकत घेऊन आले आणि कौतुकाने मला दाखवायला आले. मशीन एवढंसं, खांद्याला अडकवून बाजाराला न्यावं असं. सोबत काळी काच, पातळ हातमोजे आणि रॉडचं पाकीट. म्हणाले, "अक्का, गच्चीत झोपाळा करायचाय. तुम्ही एवढी वर्षं हे काम केलंत, जरा दाखवा की."

मी म्हटलं, "झोपाळ्यावर बसणार कोण?"

"नात."

"मग आधी कुंड्यांचे स्टँड करा. स्टँड मोडलं तर तुळस पडेल. पुष्कळ तुळशी पडू द्या, मग नातीचं बघू."

बिचारे हिरमुसून गेले. सून म्हणाली, "आई, तुम्ही माणसांना घाबरवता." घाबरवतेच मी. आमच्या धंद्यात ज्याची भीती गेली त्याचं बोट तरी जातं, नाहीतर डोळा, नाहीतर दुसऱ्याच कुणाचा जीव. एकदा तर मी मारलेल्या जोडाला माझे यजमानच लटकले होते, आणि खाली सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोल विहीर, तळाला नुसता खडक. ते सांगायला म्हणूनच लिहायला बसलेय. मध्ये मध्ये धंद्याचं सांगेन, कंटाळू नका, कारण लोखंड कसं जुळतं ते कळल्याशिवाय त्या दिवशीची माझी भीती तुम्हाला कळायची नाही.

साठ-सत्तरच्या सुमाराची गोष्ट. धुळ्याला पांझरा नदीकडच्या वस्तीत आमचं घर. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे संसार. आमचे हे चाळीसगावला एका गॅरेजात वेल्डिंग शिकले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. आमचं मशीन आताच्यासारखं नव्हतं. धान्याच्या कोठीएवढी लोखंडी पेटी, आत तेल, दोन माणसांना उचलायचं नाही. ते चालू केलं की अख्ख्या गल्लीतले दिवे मान टाकायचे. समोर मोतीशेठचं कापडाचं दुकान. ते ओट्यावरून ओरडत, "नाना, गिऱ्हाइकाला मोरपंखी लुगडं दाखवतोय, ते काळं दिसायला लागलं. जरा थांब." मग आम्ही थांबत असू. लुगडं विकलं की शेठ हात वर करीत आणि आम्ही पुन्हा सुरू.

वेल्डिंग म्हणजे काय, तर विजेची ठिणगी रॉडच्या टोकाशी धरून ठेवायची. रॉड वितळतो, खालचं लोखंडही वितळतं, दोघांचं मिळून वाटाण्याएवढं तळं होतं, आणि ते तळं आपण हळूहळू पुढे नेत जायचं. मागे ते थिजत येतं. बस, एवढंच. पण ते तळं बघायला काळी काच लागते, आणि आमच्या ह्यांना काचेचा भारी कंटाळा. "एकच तर टाका मारायचाय," म्हणायचे आणि डोळे मिटून मारायचे. मिटलेल्या पापणीआडूनही तो उजेड आत जातो. संध्याकाळ झाली की डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं व्हायचं. मी कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायची, शेजारच्या बाळंतिणीकडून वाटीत दूधसुद्धा आणलंय. त्याने गार वाटतं, बरं काही होत नाही. बरं व्हायचा एकच उपाय, काच. डॉक्टर म्हणाले नजर जायला आणखीही कारणं असतील. असतील. पण मी डोळ्यांनी पाहिलंय, वर्षागणिक ह्यांना ते तळं दिसेनासं झालं. जोड वाकडा जायला लागला, आणि तो वाकडा गेलाय हेही त्यांना कळेना.

मी तोपर्यंत ह्यांना लोखंड धरून देत होते, घासून देत होते. रॉड तर माझ्याच ताब्यात. रॉडला ओल लागली की ठिणगी फुरफुरते, म्हणून मी ते चुलीच्या वैलावर शेकून ठेवायची, पापड शेकतात तसे. असं करता करता एक दिवस रॉड धरायचा होल्डर मीच हातात घेतला. कुणी शिकवलं म्हणाल तर ह्यांच्याच चुकांनी. हे बाजूला बसून आवाज ऐकायचे. जोड नीट चालला असला की तव्यावर कांदा परततोय असा एकसारखा आवाज येतो. आवाज बिघडला की ह्यांची काठी जमिनीवर आपटायची.

गिऱ्हाइकांना हे माहीत नव्हतं. ठिणगीचा उजेड रस्त्यावरच्यांच्या डोळ्यांना लागू नये म्हणून दुकानात मध्येच ताडपत्री टांगलेली असे. बाहेर हे गिऱ्हाइकाशी बोलत, मोजमाप घेत, "बसा जरा" म्हणून आत येत, आणि ताडपत्रीआड मी. ह्यांचा खाकी पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवलेला, तोंडापुढे काच. लुगडं नेहमी सुती. तेव्हा नायलॉनच्या साड्यांचं नवं वेड आलं होतं. मोतीशेठने भाऊबीजेला मला एक दिली, फार सुंदर, आणि मी ती कामाच्या दिवशी कधी अंगाला लावली नाही. सुती कापडाला ठिणगीने भोक पडतं. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. एवढ्यासाठी सांगते, घरी मशीन आणणाऱ्यांनो, ती चकचकीत पँट घालून बसू नका. पायात चप्पल नको, बूट हवेत. हातमोजे चामड्याचे. जस्ताच्या पत्र्याला जोड मारायचा तर मोकळ्यावर, वारा पाठीकडून घेऊन. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की हिवताप यावा तशी हुडहुडी भरते. लोक म्हणतात गूळ खा. गूळ खा, गोड लागतो, पण धुराला तो काही करत नाही.

आणि रिकामं पिंप घेऊन येणारा. तो हमखास म्हणणार, "रिकामंच आहे, गेल्या वर्षीपासून रिकामं आहे." डिझेलचं रिकामं पिंप भरलेल्याहून वाईट असतं, आत वाफ कोंडलेली असते. ते धुवून, तोंड उघडं ठेवून, जोडाच्या खालपर्यंत पाण्याने भरल्याशिवाय मी ठिणगी लावत नसे. एकाने रागाने पिंप परत नेलं. पुढे त्याचं काय झालं ते मला कधी कळलं नाही, आणि अजूनही मोठा आवाज झाला की मला ते पिंप आठवतं.

बरं, आता धनाआबाकडे येते.

धनाआबा विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. पारोळ्याच्या वाटेवर एका गावात त्यांचं काम चाललं होतं. उन्हाळा अर्धा उलटला होता, आणि पाऊस पडायच्या आत विहीर पुरी व्हायला हवी, नाहीतर कडेची माती सगळी आत. विहिरीवर यारी असते. म्हणजे एक उभा खांब, त्याला आडवा हात, त्यावरून लोखंडी दोर, दोराला मोठा लोखंडी डबा. चारजण मिळून दोर गुंडाळायचे दांडे फिरवतात. खालचा फुटलेला दगड त्या डब्यातून वर येतो, आणि माणसंही त्याच डब्यात उभी राहून खाली-वर करतात. डब्याला दोन बाजूंना जाड पट्टीचे दोन कान, कानांत कडी अडकवलेली. सगळा भार त्या दोन कानांवर.

आबा बैलगाडीत डबा घालून आला. बरोबर त्याची बायको गोदाबाई. दोघांची बोली अहिराणी. ती टोळीत दगड वाहायची. अंगाने किडकिडीत, पण तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. डब्याच्या एका कानाला बारीक भेग दिसत होती, बोटाच्या पेराएवढी. म्हणजे दिसत होता तेवढा भाग एवढा. बाकीचा कान दिसतच नव्हता, कारण त्यावर शेंदूर. विहीर सुरू करताना, अमावास्येला, दसऱ्याला, ते लोक त्या कानाला तेलात कालवलेला शेंदूर लावत. खाली उतरणारा माणूस तोच कान धरून उभा राहतो ना, म्हणून देव तिथे. वर्षानुवर्षांचा थर, बोटभर जाड, वर कुठे चांदीचा वर्ख चिकटलेला.

ह्यांनी कानस मागितली. आबाने डब्यावर हात आडवा धरला.

"नाना, त्याले हात नका लावू. देव शे तो. भेग दिसस ना? तिच्यावर मारी द्या."

"आबा, घाण असली की जोड धरत नाही."

"देवले घाण म्हणता तुम्ही?"

झालं. आमचे हे ओशाळले. मी ताडपत्रीआडून ऐकत होते. मला ठाऊक होतं की आता हे भिडेखातर "बरं" म्हणणार.

कसं असतं, जोड मारण्याआधीचं काम हेच खरं काम. लोखंड रुपयासारखं लख्ख झालं पाहिजे. गंज नको, रंग नको, तेल तर नकोच नको. तेल-शेंदूर राहिला तर तो खालून जळतो, त्याचा धूर त्या तळ्यातून बुडबुड्यांनी वर येतो, आणि थिजलेल्या लोखंडात भोकं राहतात. वरून जोड छान दिसतो. आतून जाळी. आता दिवाळी आहे म्हणून सांगते, अनारशाला जाळी पडली की सुगरणीचं नाव होतं. जोडाला जाळी पडली की माणूस जातो. शिवाय शेंदरात शिसं असतं, त्याचा धूर विषारी, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की त्या धुराने तोंड कडू पडतं.

मी बाहेर आले. बाईमाणसाने मध्ये बोलू नये वगैरे होतं, पण मी पाण्याचा तांब्या घेऊन आले, त्याला कुणाची हरकत नसते. आणि बोलले मी गोदाबाईशी. म्हटलं, "बाई, तुमच्याकडे म्हसोबा असेल ना? त्याचं शेंदराचं कवच कधी सुटतं का?"

"सुटस ना. मागला साल सुटनं."

"मग काय केलंत?"

"नदीमा सोडं. नारळ फोडा, नवा शेंदूर चढावा." एवढं बोलून ती डब्यावर हात ठेवत नवऱ्याकडे वळली. "म्हसोबानं कवच काढतस तवय देव जात नही, आन आठे जाई?"

"ते आपोआप निंघस. आपण काढतस नही," आबा म्हणाला.

"कोल्हा बी आपोआप निंघस, मंग कुत्रं कसाले पाळतस?"

याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण आबाला लागला असावा. तो बिडी पेटवून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. आम्ही बायकांनी ते हो धरलं.

नारळ फोडला. कवच गोदाबाईने स्वतः काढलं. मी छिन्नी कशी तिरकी धरायची ते दाखवलं, ती ठोकत गेली, आणि निघालेला एकेक पापुद्रा पळसाच्या पानात ठेवत गेली. शेवटचा मोठा तुकडा निघाला, मी तारेचा ब्रश मारला, रॉकेलच्या चिंधीने पुसून कोरडं केलं, आणि आम्ही दोघी बघतच राहिलो.

भेग पेराएवढी नव्हती. शेंदराखालून ती कानाच्या मुळापर्यंत गेली होती, तिथे वळून निम्म्याहून जास्त रुंदी कापून गेली होती. भेगेच्या आत गंज. म्हणजे आजकालची नव्हे, जुनी. राहिलेल्या दोन बोटं लोखंडावर ती माणसं उतरत होती. शेंदराने ती झाकलीही होती, आणि कुणी सांगावं, थोडीफार धरूनही ठेवली असेल.

गोदाबाई ओरडली नाही. तिने आबाला आत बोलावलं, त्याचा हात धरला आणि त्याचं बोट त्या भेगेवरून फिरवलं. "ह्याना वर उतरतस तुम्ही," एवढंच म्हणाली. आबाची बिडी विझली. तो म्हणाला, "मना बाप बी हाऊच कान धरीसन उतरे."

आता तो कान जोडायचा. भेग असलेलं लोखंड तसंच वरून लिंपून चालत नाही. भेगेच्या टोकाशी आधी भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग भेग खणून काढायची, दोन्ही बाजूंनी उतार देऊन, शेतातल्या चरासारखी. मग तो चर तळापासून भरत यायचा. एक थर घातला की वरची काळी खपली ठोकून काढायची, ब्रश मारायचा, लोखंड लख्ख दिसलं की पुढचा थर. खपली आत राहिली तर ती भोकाइतकीच वाईट. हे सगळं मी केलं. वरून एक थिगळपट्टी बसवली, तिच्या कडा भरल्या. ह्यांची काठी एकदाही आपटली नाही.

आणि तरी एक जागा राहिली. कान जिथे डब्याच्या पत्र्याला टेकतो, तिथे आतल्या बाजूला एक कोपरा होता. तिथे रॉड सरळ पोचेना, वाकवून घालावा लागला. तिथे मला तळं नीट दिसलं नाही. दिसलं, आणि एकदा उकळल्यासारखं वाटलं. एवढंसं. फुगा यावा आणि फुटावा तसं. मी ती जागा खणली, पुन्हा भरली. दुसऱ्यांदा आवाज बरा आला. पण दिसलं नाही म्हणजे नाही.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातोडी मारून आवाज ऐकला. "बोलतोय छान." मग आम्ही पाण्याच्या टाक्यांसाठी करतो ती परीक्षा केली. एका बाजूने चुना फासायचा, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावायचं; आरपार फट असली तर चुन्यावर डाग उठतो. डाग उठला नाही. पण ती परीक्षा आरपार भोकाची. आत कोंडलेलं भोक ती सांगत नाही. हे मला माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं. हे म्हणाले, "तू फार विचार करतेस."

आबाने डबा गाडीत चढवला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "नाना, उद्या तुम्हाला विहिरीवर यायला लागेल. आमच्यात ज्याने जोड मारला, तो पहिला उतरतो. त्याच्यामागं आम्ही."

"येतो की," हे म्हणाले. कुणी लग्नाचं आमंत्रण दिल्यासारखं.

मी तांब्या विसळत होते. विसळतच राहिले.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "अहो, जोड माझा आहे."

"दुकान माझं आहे ना?"

"तो कोपरा…"

"अगं, तुझ्या हाताचा जोड सुटलेला मी पाहिला नाही."

"तुम्हाला दिसतं कुठे," असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं ते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पारोळ्याच्या एसटीने गेलो. मी का आले असं कुणी विचारलं तर सांगायला म्हणून मी टोळीच्या बायकांसाठी कैरीचं लोणचं घेतलं होतं. बरणी मांडीवर, आणि माझं लक्ष रस्त्यावरच्या प्रत्येक गचक्याकडे. मला वाटे, असाच गचका दोराला बसला तर? हे खिडकीतून वारा खात होते आणि पुढच्या बाकावरच्या माणसाशी कपाशीच्या भावावर बोलत होते.

विहिरीशी जाऊन मी आत डोकावले. पांढरी माती, मग मुरूम, मग काळा खडक. तळाशी सुरुंगाने फोडलेले दगड, धारेचे. पाणी अजून लागलं नव्हतं. लागलं असतं तर निदान… असं काहीतरी डोक्यात येऊन गेलं.

कानाला नवा शेंदूर लावला होता. पण वरच्या अंगाला, जोड उघडा ठेवून. ते गोदाबाईचं काम. तिने मला खूण केली.

हे धोतर सावरून डब्याकडे निघाले. मी म्हटलं, "आबा, आधी दगड घालून बघा. माणूस मग."

"पहिला माणूस उतरतो, अक्का. तशी रीत शे."

"दगड काय उतरणार आहे? तो लटकेल नुसता. रीत मोडत नाही."

गोदाबाई म्हणाली, "लटकू द्या दगडले. त्याले काय बायका-पोरं शेतस?" माणसं हसली. डबा काठोकाठ दगडांनी भरला, दांडे फिरले, डबा विहिरीच्या तोंडावर अधांतरी आला. यारीचा हात करकरला. आणि डब्याच्या बाजूने आवाज आला. टक्. सुपारी फोडल्यासारखा.

दांडे थांबले. सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. आणि ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "काय झालं? काय दिसतं?" हळूच विचारलं, पण तिथे शांतता एवढी होती की सगळ्यांनी ऐकलं.

डबा काठावर ओढून घेतला. मी वाकले. थिगळपट्टीच्या कडेची खपलीची एक कपची ताणाने उडाली होती, बाकी काही नाही. नवा जोड ताणला की राहिलेली खपली अशी उडते, कितीदा पाहिलंय मी. तिच्याखालचं लोखंड लख्ख होतं. मी म्हणू शकले असते, "काही नाही, खपली आहे." ते खरंही होतं. मग मी बोट त्या आतल्या कोपऱ्यात घातलं. तिथे काहीच कळलं नाही. गुळगुळीत होतं. हे माझ्या शेजारी उभे होते, एक हात डब्याच्या काठावर, आत पाऊल टाकायला तयार.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "हा जोड माझा आहे. नानांनी नाही मारला. आणि मला त्याची खात्री नाही."

ह्यांचा चेहरा पडला. खात्री नाही म्हटल्यामुळे, की जोड माझा म्हटल्यामुळे, ते मी पुढे कधी विचारलं नाही. टोळीतला एकजण म्हणाला, "बाईना जोड?" दुसऱ्याने डब्यावरचा हात काढून घेतला. गोदाबाई म्हणाली, "माले पहिलेच ठाऊक. तिना हातवर ठिणगीस्ना डाग देखात का? नानाना हात कसा, ब्राह्मणना सारखा." पण या वेळी कुणी हसलं नाही.

आबा म्हणाला, "खात्री नाही, म्हणजे सुटेल?"

"सुटणार नाही बहुतेक."

"बहुतेक."

"हो."

त्याने दगड उतरवायला लावले आणि गाडी जुंपायला सांगितली. वर ढगांचे दोन-चार पुंजके होते. टोळी सबंध दिवस बसून राहणार, ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. परतीच्या वाटेवर आम्ही त्याच बैलगाडीत, डब्याशेजारी. लोणच्याची बरणी गोदाबाईकडे दिली होती, तेवढंच एक हलकं झालं होतं.

दुकानात आबासमोरच मी तो कोपरा छिन्नीने उघडला. ताडपत्री बाजूला सारलेलीच होती. आता काय लपवायचं? मी कापत गेले, कापत गेले. भोक नव्हतं. तिळाएवढंसुद्धा नाही. आतून बाहेरून एकजीव लोखंड, असं की ह्यांनी बोट फिरवून म्हटलं, "बघ, मी म्हणालो नव्हतो?" आणि आबा माझ्याकडे असा बघत होता, जसं घरातल्या चांगल्या घागरीला मुद्दाम पोचा पाडणाऱ्या सुनेकडे बघावं.

"चांगला जोड तोडला तुम्ही," तो म्हणाला.

"चांगला होता हे आत्ता कळलं, आबा. सकाळी मला ठाऊक नव्हतं."

त्याने डोकं खाजवलं. चांगला जोड तोडल्याची हळहळ मलाही होती, आजही आहे. इतका नेटका कोपरा पुन्हा माझ्या हातून झाला नाही. पण लोखंडावर माणूस उभा राहणार असेल तेव्हा "बहुतेक" हा शब्द तोंडात घोळवत बसायचं नसतं. या वेळी मी पत्र्याचा तेवढा भाग कापून काढला, म्हणजे रॉड सरळ आत जाईल आणि मला तळं दिसेल. मशीन चालू केलं तेव्हा समोर मोतीशेठचा दिवा लवला. शेठ ओट्यावर आले, होल्डर माझ्या हातात पाहिला, आणि न ओरडता आत गेले. मी तळापासून भरत आले. पूर्ण वेळ ते तळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, स्वच्छ, एकदाही उकळलं नाही. ह्यांनी बसायला स्टूल माझ्या अगदी जवळ घेतलं होतं.

पुन्हा विहीर. पुन्हा दगड. डबा अधांतरी लटकला, आबाने तो मुद्दाम हिंदकळवला, वर-खाली करवला. काही आवाज नाही. दगड उतरवले.

आता कोण उतरणार? जोड बाईचा, म्हणजे रीतीने बाई. पण पाणी लागेपर्यंत बाईने विहिरीत उतरायचं नाही, हीही त्यांची रीत. गोदाबाई म्हणाली, "पानी लागनं म्हणजे भराले मंग आम्हीच." आबाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आमचे हे डब्यात जाऊन उभेही राहिले होते. म्हणाले, "एका घरचा जोड, एका घरचा माणूस. चला."

आबाने दांड्यावर हात ठेवला, पण फिरवला नाही. त्याने ह्यांना काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, आते?"

आयुष्यात मला इतका जड प्रश्न कुणी विचारला नाही. मी कानाकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, कान धरलेल्या ह्यांच्या हाताकडे पाहिलं.

"आता," म्हटलं.

एका माणसाला बाजूला करून मी त्याचा दांडा धरला. बघत उभं राहणं मला जमलं नसतं. डबा काठाखाली गेला, ह्यांची टोपी खाली गेली, मग नुसता दोर. दोर ताठ, थरथरणारा. दांडा माझ्या तळहातात उलटा ओढ घेत होता, आणि ती ओढ म्हणजे हे, एवढंच मला समजत होतं. पांढऱ्या मातीपाशी असतील. मुरमापाशी असतील. आता खडक.

एकदम ओढ गेली. दोर ढिला पडला.

दांडा हातात हलका झाला. टेकला की तुटला? दोन्ही वेळा दोर सारखाच ढिला पडतो. आबा काठावरून वाकून नुसता बघत होता.

मग खालून आवाज आला, विहिरीत घुमून मोठा झालेला, आणि चांगलाच वैतागलेला.

"अरे, माझी चप्पल वरच राहिली. दगड टोचताहेत इथं. टाका खाली."

गोदाबाईने चप्पल उचलली. मी दांडा सोडला नव्हता. माझी बोटं तिनेच एकेक करून सोडवली.